वेळ अमावस्या : ऋणस्मरणाचा उत्सव

‘कृत’ म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले. ते जो जाणतो, तो कृतज्ञ. शब्दाची ही घडणच सांगते की, तोंडाने आभार मानणे पुष्कळ पुढचे. आधी जाणणे हवे. या जाणण्यासाठी आपल्या मराठवाड्याने एक स्वतंत्र सण राखला आहे. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेड जिल्ह्याच्या लातूरला लागून असलेल्या भागांत वेळ अमावस्या, बोलीतली येळवस, साजरी होते. त्या दिवशी लातूर शहराच्या पेठाही ओस पडतात आणि शिवार माणसांनी फुलते.

शेतात कडब्याची कोप उभी राहते. तीत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडून त्यांची पूजा होते. ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील आणि वाल, तूर, हरभरा, वाटाणा यांच्या ओल्या दाण्यांची भज्जी असा नैवेद्य असतो. मग आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. भूमीला पहिला घास, त्यानंतर पाहुण्याला, आणि यजमान सर्वांच्या शेवटी, हा या सणाचा क्रम आहे. नैवेद्यातील बहुतेक जिन्नस त्याच मातीतून आलेले असतात. जिचे घेतले तिलाच प्रथम अर्पण करावयाचे, एवढाच त्याचा विधी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना न अर्पिता भोगणाऱ्यास भगवंतांनी चोर म्हटले आहे. ते वचन आमच्या शेतकऱ्याने आंबिलीच्या घागरीतून आचरणात आणले आहे.

परंतु हेच दिवस वर्षअखेरच्या खरेदीचेही असतात. सवलतींच्या जाहिराती आणि सुलभ हप्ते आपल्याला रोज एकच पाठ देतात : अजून काय काय कमी आहे ते मोजा. ही मोजणी कधीच संपत नाही. तिचे वारे आता बांधापर्यंत पोहोचले आहे. कोपीशेजारी कर्णे वाजतात, पंगत उठल्यावर प्लॅस्टिकच्या पत्रावळी सरीत पडून राहतात, आणि निमंत्रण बरोबरीच्या लोकांपुरते उरते. मग पूजा झाली, तरी ऋण स्मरले असे कसे म्हणावे?

विसरण्याची आपली शक्तीही मोठी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पाऊस झाला, मांजरा धरण भरले, आणि २९ डिसेंबरला त्याच वर्षीची वेळ अमावस्या आली. त्या दिवशी पिकावर पडलेल्या प्रत्येक थेंबाचे मोल शेतकऱ्यास ठाऊक होते. आज नळ उघडा टाकताना ते किती जणांस आठवते?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्याचे सोयाबीन वाहून गेले, माती खरवडून गेली, त्याने कशाबद्दल कृतज्ञ राहावे? त्यास कृतज्ञतेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. तरीही तो रब्बीचे बी पेरतो आणि कोप उभारतो. हा त्याचा थोरपणा होय. कृतज्ञतेचे कर्तव्य ज्याचे कणगे शाबूत आहे, ज्याचा पगार चुकला नाही, त्याचे आहे. ऋण मान्य करणे म्हणजे ते फेडण्यास लागणे.

म्हणून सद्भक्तहो, येत्या वेळ अमावस्येला नव्या वस्तूंची यादी करण्यापूर्वी घरात बसून दुसरी एक यादी करावी : यंदा आपले अन्न कोणाकोणाच्या हातून आले? ज्यांनी खुरपणी केली, मोळ्या वाहिल्या, पण ज्यांच्या नावे सातबारा नाही, अशा एका तरी कुटुंबास आदराने बोलवावे आणि आपल्याच पंगतीत बसवावे. खरेदीतून काही राखून शेजारच्या पूरग्रस्ताच्या बियाण्यास हातभार लावावा. सायंकाळी पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरताना काळ्या आईस मनोमन सांगावे की, तू केलेले आम्ही जाणतो. तिला दुसरे काही नको आहे.