बहाई धर्मातील वारसा : चार मृत्यू, दोन मृत्युपत्रे आणि मुंबईचा शिळाछाप

बहाई धर्मात पुरोहितवर्ग नाही, दीक्षा देणारा गुरू नाही आणि उपासनेचे नेतृत्व करणारा अधिकारीही नाही. या धर्माचे ऐक्य ज्या एका व्यवस्थेवर उभे आहे तिला अनुयायी ‘करार’ म्हणतात. प्रत्येक धर्मप्रमुखाने आपल्या पश्चात अधिकार कोणाकडे जाईल हे हयातीतच स्पष्ट करून ठेवावे, आणि अनुयायांनी त्या नेमणुकीला ईश्वराशी केलेल्या वचनाइतकेच बंधनकारक मानावे, हा या कराराचा आशय आहे. नेमणूक झुगारणाऱ्याला ‘करारभंजक’ ठरवून त्याच्याशी सर्व संबंध तोडले जातात. करार इतका काटेकोर असूनही १८५०, १८९२, १९२१ आणि १९५७ या चारही मृत्यूंनंतर वाद उद्भवले. हे वाद बहुतेक वेळा सिद्धान्तापेक्षा एखाद्या लेखाचा अर्थ, त्याचा अस्सलपणा किंवा त्याचा अभाव यांभोवती फिरले, आणि त्यांतील सर्वांत कडवट वादाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

पहिला वाद बहाई धर्माच्या जन्माआधीचा आहे. शिराझचे सय्यद अली मुहम्मद यांनी १८४४ मध्ये ‘बाब’, म्हणजे द्वार, या नावाने नव्या धर्माची घोषणा केली आणि ९ जुलै १८५० रोजी तब्रिझ येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी मिर्झा याह्या ऊर्फ सुब्ह-ए-अझल या तरुण अनुयायाला प्रमुखपद दिले होते. पण ज्याला ईश्वर प्रकट करील असा एक महापुरुष पुढे येणार आहे, असेही लिहून ठेवले होते. याह्या यांचे सावत्र वडीलबंधू मिर्झा हुसेन अली, म्हणजेच बहाउल्ला, यांनी १८६३ मध्ये बगदादेत तो महापुरुष आपणच असल्याचे प्रकट केले. पुढे एदिर्ने येथे दोघा भावांची उघड फारकत झाली, आणि १८६८ मध्ये उस्मानी सरकारने बहाउल्लांना अक्का येथे, तर अझल यांना सायप्रसमधील फामागुस्ता येथे धाडले. अझली पक्षाच्या लेखी बाबांची नेमणूक अंतिम होती, तर बहाईंच्या लेखी ती नव्या प्रकटीकरणापर्यंतची तात्पुरती सोय होती. केंब्रिजचे अभ्यासक एडवर्ड ब्राउन १८९० मध्ये फामागुस्ता आणि अक्का या दोन्ही ठिकाणी जाऊन दोन्ही भावांना भेटले, म्हणून या कलहाच्या दोन्ही बाजू अभ्यासकांना उपलब्ध झाल्या.

दुसऱ्या वादाकडे वळण्यापूर्वी मुंबईचे त्या काळातील स्थान समजून घेतले पाहिजे. इराणात बहाई ग्रंथ छापणे जिवावर बेतणारे होते आणि उस्मानी प्रदेशात छपाईवर सरकारची करडी नजर होती. मुंबईत मात्र बाबांच्या मातृकुळातील, ‘अफनान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबाची व्यापारी पेढी होती आणि फारसी पुस्तकांच्या छपाईचा मोठा व्यवसायही होता. हा व्यवसाय मुख्यतः शिळाछापावर चाले. या पद्धतीत खिळे जुळवण्याऐवजी सुलेखनकाराने तेलकट शाईने लिहिलेला मजकूर गुळगुळीत दगडावर उतरवून त्याचे ठसे घेतले जात, त्यामुळे वळणदार नस्तालिक लिपी जशीच्या तशी कागदावर येई. गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसने मराठी पंचांगे आणि पोथ्या ज्या शहरात घरोघर पोहोचवल्या, त्याच शहरात बहाई साहित्य प्रथम छापील रूपात आले. बहाउल्लांचे ज्येष्ठ पुत्र अब्बास एफेन्दी, म्हणजे अब्दुल-बहा, यांचा सुधारणाविषयक निबंध १८८२ मध्ये येथे लेखकाच्या नावाविना छापला गेला, आणि १८९०-९१ च्या सुमारास या धर्माचा मुख्य विधिग्रंथ ‘किताब-ए-अकदस’ही मुंबईतच मुद्रित झाला.

बहाउल्लांनी आपले धाकटे पुत्र मिर्झा मुहम्मद अली यांना ग्रंथमुद्रणाच्या कामासाठी मुंबईस पाठवले होते. ते अब्दुल-बहांचे सावत्र बंधू, आणि पुढे त्यांचे प्रतिस्पर्धी झाले. मुद्रणासाठी सोपवलेल्या पवित्र लेखनात त्यांनी फेरफार केला, असा आरोप बहाई इतिहासात नोंदवला गेला आहे. आरोप करणारा पक्ष विजयी पक्ष होता हे लक्षात ठेवूनच तो वाचला पाहिजे. ‘अकदस’मध्ये बहाउल्लांच्या पश्चात त्यांच्या मुळापासून फुटलेल्या, ईश्वराने योजलेल्या शाखेकडे वळावे असा आदेश आहे, परंतु त्या शाखेचे नाव नाही. मुंबईत छापल्या गेलेल्या त्या अनाम आदेशाचा अर्थ कोणी लावायचा, हाच प्रश्न वर्षा-दोन वर्षांत साऱ्या समाजापुढे उभा राहिला.

२९ मे १८९२ रोजी अक्क्याजवळील बहजी येथे बहाउल्लांचे निधन झाले आणि नवव्या दिवशी त्यांचे मृत्युपत्र, ‘किताब-ए-अहद’, वाचले गेले. ‘अकदस’मधील शाखा म्हणजे अब्दुल-बहाच, असा खुलासा त्यात होता, मात्र त्यांच्यानंतरचे स्थान मुहम्मद अली यांना दिले होते. मुहम्मद अली यांनी नेमणूक उघडपणे नाकारली नाही. मोठे बंधू स्वतःसाठी पित्याइतका अधिकार सांगतात, अशी तक्रार त्यांनी मांडली, तर अब्दुल-बहांनी आपण केवळ सेवक आणि ग्रंथांचे नियुक्त भाष्यकार आहोत असे सांगितले. कुटुंबातील बहुतेक मंडळी धाकट्या भावाकडे झुकली, अमेरिकेतील धर्मप्रचारक इब्राहिम खैरल्ला त्यांच्या बाजूस गेले, आणि सरकारकडे गेलेल्या तक्रारींमुळे १९०१ मध्ये अब्दुल-बहांवर अक्क्याच्या तटबंदीत राहण्याचे बंधन पुन्हा आले, ते १९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीनंतरच सुटले.

२८ नोव्हेंबर १९२१ रोजी अब्दुल-बहा निवर्तले तेव्हा या वादाची सर्वांत अवघड गाठ समोर आली. पित्याच्या मृत्युपत्रानुसार पुढचे स्थान मुहम्मद अलींचे होते. पण अब्दुल-बहांनी आपल्या मृत्युपत्रात त्यांना बंडखोरीमुळे अपात्र ठरवून ऑक्सफर्डमध्ये शिकणारे चोवीस वर्षांचे नातू शोगी एफेन्दी यांना ‘धर्मसंरक्षक’ नेमले. एका मृत्युपत्राची तरतूद दुसऱ्याने रद्द करता येते का, हा प्रश्न खरा आहे आणि केवळ निष्ठेच्या आवेशाने तो मिटत नाही. बहाईंचे उत्तर असे की, नेमणुकीत निष्ठेची अट अध्याहृत असून ती मोडताच हक्क संपतो. आणि कराराचे तर्कशास्त्र मान्य केले तर हे उत्तर सुसंगत ठरते, कारण भाष्याचा अधिकारही त्याच लेखाने अब्दुल-बहांना दिला होता. अमेरिकेतील रूथ व्हाइट यांनी हे मृत्युपत्र बनावट असल्याचा दावा वर्षानुवर्षे चालवला, पण तो समाजात फारसा कोणी स्वीकारला नाही.

शोगी एफेन्दींनी छत्तीस वर्षे कारभार पाहिला. या काळात निवडून आलेल्या आध्यात्मिक सभांची उतरंड उभी राहिली, भारत आणि ब्रह्मदेशाची राष्ट्रीय सभा १९२३ मध्ये स्थापन झाली, आणि १९४५ मध्ये पाचगणीला बहाईंनी न्यू एरा शाळा काढली. त्याच काळात त्यांनी आपली भावंडे आणि चुलत-मावस नातलग यांना, बहुतेकदा करारभंजकांशी जोडलेल्या सोयरिकींमुळे, एकामागून एक बहिष्कृत केले. या कठोरपणाने घरे मोडली, आणि त्याचा परिणाम घरापुरता राहिला नाही. संरक्षकाने हयातीतच उत्तराधिकारी नेमावा, तो त्याचा ज्येष्ठ पुत्र किंवा बहाउल्लांच्या पुरुषवंशातील अन्य कोणी असावा, अशी मृत्युपत्राची अट होती. परंतु शोगी एफेन्दींना अपत्य नव्हते आणि त्या वंशात पात्र असा कोणी उरलाच नव्हता. ४ नोव्हेंबर १९५७ रोजी लंडनमध्ये त्यांचा अकस्मात मृत्यू झाला, तेव्हा हैफा येथील त्यांच्या तिजोरीत आणि मेजात मृत्युपत्र सापडले नाही. करारावर उभ्या असलेल्या धर्मापुढे कराराचा पुढचा कागदच नव्हता.

त्या वेळी ‘ईश्वरकार्याचे हात’ म्हणून शोगी एफेन्दींनी गौरवलेले सत्तावीस ज्येष्ठ कार्यकर्ते हयात होते. त्यांनी आपल्यातून नऊ विश्वस्त निवडले आणि संरक्षकाने आखलेल्या योजना पुऱ्या होईपर्यंत कारभार सांभाळला. त्यांच्यापैकीच एक असलेले मेसन रेमी यांनी एप्रिल १९६० मध्ये आपणच दुसरे संरक्षक आहोत अशी घोषणा केली. शोगी एफेन्दींनी त्यांना आंतरराष्ट्रीय बहाई परिषदेचे अध्यक्षपद दिले होते आणि हीच वारसनेमणूक होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते बहाउल्लांच्या वंशातील नव्हते, म्हणून उरलेल्या सव्वीस जणांनी तो फेटाळला आणि त्यांना बहिष्कृत केले. पुढे रेमी यांच्या अनुयायांतही जोएल मारान्जेला, डोनाल्ड हार्वे आणि रेक्स किंग असे वेगवेगळे दावेदार मानणारे लहान गट पडले. ईश्वरकार्याच्या हातांनी मात्र हाती आलेली सत्ता ठेवून घेतली नाही. २१ एप्रिल १९६३ रोजी ५६ राष्ट्रीय सभांच्या सदस्यांनी ‘विश्व न्याय मंदिर’ ही नऊजणांची सर्वोच्च सभा निवडली, त्या निवडणुकीत आपली नावे विचारात घेऊ नयेत असे त्यांनीच सांगितले होते. सत्तात्यागाची ही कृती बहाई इतिहासातील अत्यंत आदरणीय गोष्टींपैकी एक मानली पाहिजे.

मुंबईत अशाच प्रश्नाचा निवाडा न्यायालयात झाला, म्हणून तुलना उपयोगी ठरते. दाऊदी बोहरा समाजाचे सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन जानेवारी २०१४ मध्ये निवर्तल्यावर त्यांचे सावत्र बंधू खुझैमा कुतुबुद्दीन यांनी, १९६५ मध्ये खाजगीत आपली ‘नस्स’ झाली होती, असा दावा पुत्र मुफद्दल सैफुद्दीन यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात केला. नस्स म्हणजे विद्यमान दाईने, म्हणजे समाजाच्या धर्मप्रमुखाने, पुढच्या दाईची केलेली नेमणूक. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २३ एप्रिल २०२४ रोजी पुराव्याअभावी तो फेटाळला, आणि हा निर्णय श्रद्धेचा नसून सिद्धतेचा आहे असे स्पष्ट केले. वाळीत टाकण्याच्या अधिकाराचा प्रश्नही याच समाजातून पुढे आला: मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला, आणि त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. बोहरा समाजात सारा अधिकार अखेर एका व्यक्तीच्या नेमणुकीत सामावतो. बहाईंनी १९६३ नंतर तो गुप्त मतपत्रिकेत नेला.

या निवडणुकीत उमेदवारी नसते, प्रचार निषिद्ध असतो आणि मतदार नऊ नावे स्वतःच्या विवेकाने लिहितो. स्थानिक सभेचे क्षेत्र सर्वसाधारणपणे नागरी हद्दीनुसार ठरते. त्या तत्त्वाने दहिसरचा बहाई मुंबईच्या सभेच्या क्षेत्रात मोडतो, तर दहिसर चेकनाका ओलांडून मीरा रोडला राहणारा मीरा-भाईंदरच्या. स्थानिक सभेपासून हैफा येथील विश्व न्याय मंदिरापर्यंत एकच पद्धत चालत असल्याने एखाद्या मृत्यूने ही साखळी आता तुटू शकत नाही.

परंतु एक अधिकार निवडणुकीने भरून निघालेला नाही. नवा संरक्षक नेमण्याचा मार्ग उरलेला नाही, असे विश्व न्याय मंदिराने ६ ऑक्टोबर १९६३ रोजी जाहीर केले. ग्रंथ जिथे मौन आहेत तिथे ते नियम करू शकते आणि स्वतःचे नियम पुढे बदलूही शकते; पण पवित्र वचनांचे अधिकृत भाष्य करण्याचा हक्क फक्त अब्दुल-बहा आणि शोगी एफेन्दी यांचा होता, आणि १९५७ नंतर त्यात एका ओळीचीही भर पडलेली नाही.