नळाचे पाणी : कठीणता आणि गुणवत्ता

शहरांच्या पाणीपुरवठ्याचा विचार बहुधा दरडोई किती लिटर पाणी मिळते या परिमाणात केला जातो. ते पाणी कोणत्या दर्जाचे आहे, हा प्रश्न तुलनेने मागे पडतो. गुणवत्तेची चर्चा झालीच, तर ती भांड्यांवरील पांढरे डाग, न येणारा साबणाचा फेस आणि न शिजणारी डाळ यांभोवती फिरते. ही सर्व लक्षणे पाण्याच्या कठीणतेची होत. तथापि, कठीण पाणी म्हणजे असुरक्षित पाणी नव्हे आणि मृदू पाणी म्हणजे सुरक्षित पाणीही नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास कुटुंबाचा आणि शासनाचाही खर्च चुकीच्या ठिकाणी होतो.

एका शहराचे दोन स्रोत

बंगळुरू शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कोणत्याही मोठ्या बारमाही नदीच्या काठी नसलेल्या या शहराला १९७४ पासून कावेरीचे पाणी मिळते. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळपास ५०० मीटर उंचीपर्यंत हे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आणावे लागते. २००७ मध्ये आठ नगरपालिका आणि ११० गावे शहरात समाविष्ट होऊन तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिका अस्तित्वात आली. शहराच्या सीमा रुंदावल्या. जलवाहिन्या मात्र त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. पूर्वेकडील महादेवपुरा विभागासारख्या वस्त्यांना दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकर यांवरच विसंबून राहावे लागले. मार्च २०२४ मधील तीव्र टंचाईत अनेक कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा या अवलंबित्वाचे गांभीर्य देशासमोर आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. त्याची क्षमता प्रतिदिन ७७५ दशलक्ष लिटर असून तो प्रामुख्याने या ११० गावांसाठी आहे.

अशा वस्तीतील गृहसंकुलात नदीचे, कूपनलिकेचे आणि टँकरचे पाणी एकाच भूमिगत टाकीत मिसळते. परिणामी नळ तोच असला, तरी त्यातील पाण्याचा गुणधर्म ऋतूनुसार, किंबहुना आठवड्यागणिक बदलू शकतो. एकदाच केलेली तपासणी येथे पुरेशी ठरत नाही, ती यामुळेच.

कठीणता म्हणजे काय?

पाण्यात विरघळलेल्या मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे कठीणता निर्माण होते. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार असतो. कॅल्शियमशी संयोग होताच त्याचा न विरघळणारा साका बनतो व फेस येत नाही. म्हणून शालेय पुस्तकांत अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हटले आहे. नदीतील व पावसाच्या पाण्याचा खडकांशी संपर्क अल्पकाळ असतो. याउलट, भूजल खडकांच्या भेगांतून दीर्घकाळ झिरपते. जमिनीतील कर्बवायू त्यात मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकांतील खनिजे विरघळवते. बंगळुरूचा पाया कठीण नाइस व ग्रॅनाइट खडकांचा आहे. तेथे पाणी केवळ विदीर्ण थरांत आणि भेगांत साठते. उपसा वाढला की कूपनलिका अधिक खोल न्यावी लागते आणि खोलवरचे पाणी सामान्यतः अधिक खनिजयुक्त असते.

कठीणतेचे दोन प्रकार आहेत. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे येणारी कठीणता अस्थायी असते. पाणी उकळल्यावर त्यांचे कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. गिझरमधील पांढरा थर हा त्याचाच परिणाम होय. क्लोराइड व सल्फेट यांमुळे येणारी कठीणता स्थायी असते. ती उकळण्याने जात नाही.

मापन आणि मानके

कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या समतुल्य परिमाणात, प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये व्यक्त करतात. कॅल्शियमचे प्रमाण २.५ ने व मॅग्नेशियमचे ४.१ ने गुणून बेरीज केल्यास एकूण कठीणता मिळते. उदाहरणार्थ, एका नमुन्यात प्रतिलिटर ८० मिलिग्रॅम कॅल्शियम व ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असल्यास कठीणता २०० अधिक १२३, म्हणजे ३२३ मिलिग्रॅम होईल.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात एकूण कठीणतेची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. वरील नमुना स्वीकार्य मर्यादा ओलांडतो, परंतु सवलतीच्या मर्यादेत बसतो. एकूण विद्राव्य घनपदार्थांसाठी या दोन मर्यादा अनुक्रमे ५०० व २,००० मिलिग्रॅम आहेत.

नायट्रेटसाठी मात्र ४५ मिलिग्रॅम ही एकच मर्यादा असून तीत कोणतीही सूट नाही. त्याचप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत. सवलत कोठे आहे आणि कोठे नाही, यातच मानकामागील विचार स्पष्ट होतो. कठीणता ही प्रामुख्याने गैरसोय व आर्थिक भार यांची बाब आहे. जिवाणू व नायट्रेट ही आरोग्याची बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणतेसाठी आरोग्यावर आधारित मर्यादा निश्चित केलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम हे तर शरीराला आवश्यक घटक आहेत. उलटपक्षी, अतिमृदू पाणी धातूच्या नळांची झीज घडवू शकते.

खरा धोका कोठे?

जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे शुद्ध पाणी नळापर्यंत तसेच पोहोचेल, याची हमी नसते. भारतातील बहुतेक शहरांत पाणी दिवसाचे काही तासच सोडले जाते. पुरवठा बंद होताच वाहिनीतील दाब घटतो आणि गळतीच्या जागेतून शेजारच्या सांडपाण्याचा आत शिरकाव होऊ शकतो. यासाठीच ग्राहकाच्या नळाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन असणे मानकात अपेक्षित आहे. कूपनलिकांच्या परिसरात मलनिःसारण व्यवस्था अपुरी असल्यास शोषखड्ड्यांतील नायट्रेट भूजलात उतरते.

सिमला येथे २०१५ च्या अखेरीस व २०१६ च्या आरंभी कावीळीची मोठी साथ आली. सांडपाण्याने दूषित झालेला जलस्रोत व हेपॅटायटिस-ई विषाणू हे तिचे कारण होते. पाण्याच्या कठीणतेशी तिचा काही संबंध नव्हता. भांड्यावर डाग न पाडणारे पाणीही घातक असू शकते, हा त्यातील बोध होय.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

बाजारातील हातात धरण्याचे टीडीएस मापक पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तीवरून विद्राव्य घनपदार्थांचा अंदाज देते. जिवाणू, आर्सेनिक किंवा शिसे त्याला ओळखता येत नाही. त्यामुळे केवळ या आकड्यावरून पाणी चांगले वा वाईट ठरविणे अशास्त्रीय आहे.

आयन-विनिमय पद्धतीच्या मृदुकारक यंत्रात कॅल्शियम व मॅग्नेशियमची जागा सोडियम घेते. ही यंत्रे मीठ वापरून पुनरुज्जीवित करावी लागतात व खारे सांडपाणी निर्माण करतात; जंतू मात्र मारत नाहीत. व्युत्क्रम परासरण म्हणजे आरओ पद्धतीत क्षार, नायट्रेट व जंतू बहुतांशी अडवले जातात. परंतु पाण्याचा मोठा हिस्सा वाया जातो. आधीच कमी क्षार असलेल्या नदीच्या पाण्यासाठी तिचा वापर म्हणजे टंचाईग्रस्त शहरात पाण्याची नासाडीच ठरते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट कमी होत नाही. सारांश, कोणताही एक उपाय सर्व दोषांवर लागू पडत नाही. आधी तपासणी व नंतर उपाय, हाच क्रम योग्य आहे.

सार्वजनिक उत्तरदायित्व

घरोघरी यंत्रे बसविणे हा समाधानकारक मार्ग नाही. कारण ज्यांना ती परवडत नाहीत, त्या कुटुंबांच्या वाट्याला दूषित पाणीच उरते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट केलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा विषय नागरी स्वराज्य संस्थांच्या कार्यांत नमूद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृत २.० या केंद्रीय अभियानास प्रारंभ झाला.

सार्वजनिक व्यवस्थेतून हे साध्य होऊ शकते, याचीही उदाहरणे आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत मुंबईतील नळाच्या पाण्याचे सर्व १० नमुने निकषांस उतरले. जुलै २०२१ मध्ये ओडिशातील पुरी येथे चोवीस तास थेट नळातून पिण्यायोग्य पाणी देणारी योजना सुरू झाली. वाहिनीत अखंड दाब राखल्याने दूषित पाण्याच्या शिरकावाला वाव राहत नाही, हे तिचे मर्म आहे.

प्रत्येक प्रभागातील नळाच्या पाण्याची नियमित तपासणी, तिच्या निष्कर्षांचे स्थानिक भाषेत प्रकटीकरण, जुन्या वाहिन्यांची दुरुस्ती आणि टँकरच्या पाण्याचे नियमन या चार बाबींना प्राधान्य मिळणे आवश्यक आहे. नागरिकाला पाण्याचा फेस स्वतः पाहता येतो. न दिसणाऱ्या जंतूंची व नायट्रेटची माहिती त्याला देणे हे पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे.