बायबलचा संगणकीय शब्दशोध : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :

बायबल हा जगात सर्वाधिक भाषांमध्ये भाषांतरित झालेला ग्रंथ असून त्यातील शब्द शोधण्याची परंपरा संगणकाहून सात शतकांनी जुनी आहे. आज भ्रमणध्वनीवर एखादा शब्द टंकित करताच त्याची सर्व स्थळे क्षणार्धात समोर येतात. या सुलभतेमुळे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या लेखनातही ‘हा शब्द बायबलमध्ये इतक्या वेळा येतो’ अशी विधाने सहज केली जातात. अशा विधानाला पुरावा म्हणून कितपत मूल्य द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. श्रद्धेचा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. ग्रंथाकडे एक पाठ म्हणून पाहिले आहे.

शब्दसूचीपासून संगणकापर्यंत :

इ.स. १२३० च्या सुमारास पॅरिस येथे ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉमिनिकन पंथीयांनी लॅटिन बायबलची शब्दसूची तयार केली. १७३७ मध्ये अलेक्झांडर क्रूडन यांची इंग्रजी बायबलची सूची प्रसिद्ध झाली. या सूचींची अडचण एकच होती. त्या भाषांतरातील शब्द शोधून देत. त्यामागचा मूळ शब्द झाकलेलाच राही. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० च्या आपल्या सूचीत यावर तोड काढली. जुन्या करारातील हिब्रू व अरामी शब्दांना ८६७४ पर्यंत आणि नव्या करारातील ग्रीक शब्दांना ५६२४ पर्यंत क्रमांक देऊन त्यांनी इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक नोंदीपुढे मूळ शब्दाचा क्रमांक छापला. ग्रीक न जाणणाऱ्या वाचकालाही त्यामुळे एका इंग्रजी शब्दाआड कोणते भिन्न ग्रीक शब्द आहेत हे कळू लागले. आजच्या अनेक बायबल-सॉफ्टवेअरचा कणा हेच क्रमांक आहेत.

संगणकाचा प्रत्यक्ष प्रवेश १९५७ मध्ये झाला. जॉन एलिसन यांनी युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने एका इंग्रजी आवृत्तीची शब्दसूची सिद्ध केली. मात्र खरा गुणात्मक बदल घडला तो ॲम्स्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात. तेथे एप टाल्स्ट्रा यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात हिब्रू पाठातील प्रत्येक शब्दाचे मूळ रूप, लिंग, वचन, क्रियारूप तसेच वाक्यांश व उपवाक्य यांची नोंद होत गेली. ‘अमुक क्रियापद कोणत्या कर्त्यासह येते’ असा प्रश्नही त्यामुळे पाठाला विचारता येतो. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे ‘स्टेप बायबल’ हे साधन विनामूल्य असून प्राथमिक अभ्यासास पुरेसे आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी महागडे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : १९९२ पासून अभ्यासकांत मान्यता पावलेले ‘बायबलवर्क्स’ २०१८ मध्ये बंद पडले.

दोन ग्रीक क्रियापदांची पडताळणी :

या साधनांचे सामर्थ्य एका परिचित उदाहरणावरून स्पष्ट होईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात येशू पेत्राला आपल्यावरील प्रेमाविषयी तीनदा विचारतो. ग्रीक पाठात पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’ (स्ट्राँग क्र. २५) हे क्रियापद आहे. पेत्राच्या तिन्ही उत्तरांत आणि येशूच्या तिसऱ्या प्रश्नात मात्र ‘फिलेओ’ (क्र. ५३६८) आहे. अगापाओ म्हणजे निःस्वार्थ, दैवी प्रेम; फिलेओ म्हणजे मैत्रीतले प्रेम; तिसऱ्या वेळी येशू पेत्राच्या पातळीवर उतरला, असे विवेचन प्रवचनांतून चांगलेच रूढ आहे. ते आकर्षक आहे, यात शंका नाही.

आता या दोन क्रमांकांचा त्याच शुभवर्तमानात शोध घ्यावा. पिता पुत्रावर प्रेम करतो, हे ३:३५ मध्ये अगापाओने सांगितले आहे आणि ५:२० मध्ये फिलेओने. येशूच्या प्रिय शिष्याचा उल्लेख १३:२३ मध्ये अगापाओने येतो, तर २०:२ मध्ये फिलेओने. म्हणजे पित्याच्या पुत्रावरील प्रेमासाठीही लेखकाला फिलेओ उणे वाटत नाही. पेत्राच्या प्रसंगाकडे पुन्हा वळल्यास आणखी एक बाब दिसते. मेंढरांसाठी ‘आर्निआ’ व ‘प्रोबाता’, राखण्यासाठी ‘बोस्को’ व ‘पोइमाइनो’, जाणण्यासाठी ‘ओइदा’ व ‘गिनोस्को’ अशा जोड्या त्या तीनच वचनांत आलटून पालटून येतात. शब्दांची पुनरुक्ती टाळण्याची ही लेखनशैली असावी, असे मानण्यास येथे आधार मिळतो.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, शोध घेतल्यास तर रूढ विवेचनाची अधिकच अडचण होते. २ शमुवेल १३ मध्ये अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बळजबरी करतो. त्याच्या वासनेला तेथे अगापाओ हेच क्रियापद आणि ‘अगापे’ हेच नाम योजिले आहे. नव्या करारातही पौलाला सोडून गेलेल्या देमासाच्या ऐहिक ओढीसाठी २ तीमथ्य ४:१० मध्ये अगापाओच येते.

यावरून योहान २१ मधील शब्दबदलाला काहीच अर्थ नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. तेथे लेखकाने हेतुतः भेद केला असेलही. परंतु तो त्या संवादाच्या रचनेतून दाखवावा लागेल, केवळ कोशातील अर्थ पुढे करून नव्हे. शब्दाच्या अंगी धर्मशास्त्रीय आशय चिकटवण्याच्या प्रवृत्तीवर जेम्स बार यांनी १९६१ मध्येच कठोर टीका केली होती. त्या टीकेची पडताळणी आता कोणताही अध्यापक वर्गात काही मिनिटांत करून दाखवू शकतो. प्रस्तुत लेखकाच्या मते संगणकीय शोधाचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे.

संख्येचा प्रश्न :

हिब्रू ‘हेसेद’ (निष्ठायुक्त दया) हा शब्द जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येतो. परंतु त्यांपैकी २६ वेळा तो एकट्या १३६ व्या स्तोत्रात, प्रत्येक वचनाच्या अखेरीस, ध्रुपदासारखा येतो. अभंगातील ध्रुपद दर चरणानंतर मोजून कोणी कवीचा शब्दसंग्रह ठरवणार नाही. येथेही तोच विवेक हवा.

मराठी पाठातील शोध :

मराठी बायबलमध्ये शोध घेताना निराळ्या अडचणी उद्भवतात. ‘माणूस’ हा शब्द दिल्यास ‘माणसाने’, ‘माणसांना’ ही रूपे हाती लागत नाहीत. ‘पाणी’ दिल्यास ‘पाण्यावर’ निसटते. उलट शब्दाचा अंश शोधण्याची सोय वापरून ‘देव’ शोधल्यास ‘देवदूत’ आणि ‘देवळात’ हेही मोजले जातात. सामान्यरूप व प्रत्यय यांमुळे मराठीत शोधशब्दाची दोन-तीन रूपे स्वतंत्रपणे द्यावी लागतात. हिब्रूतही ‘आणि’, ‘मध्ये’ यांसारखे घटक शब्दाला जोडूनच लिहितात. ॲम्स्टरडॅमच्या प्रकल्पात ते वेगळे केले गेले, म्हणून तेथील शोध विश्वसनीय ठरतो. याखेरीज ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र दिसतो. आणि शोध रिकामा परततो.

भाषांतरांची तुलना हा मराठीच्या अभ्यासकाला खुणावणारा विषय आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी ‘हेसेद’साठी कोठे कोणता मराठी शब्द योजला आणि बायबल सोसायटीच्या भाषांतरात त्याच ठिकाणी कोणता आहे, हे पाहण्यासाठी मराठी शब्दावरून आरंभ करून चालत नाही. मूळ शब्दाची स्थळे आधी काढावीत आणि मग त्या वचनांपाशी दोन्ही भाषांतरे उघडावीत.

वचनांकातही सावधगिरी हवी. स्तोत्राचे शीर्षक हिब्रू पाठात वचन म्हणून मोजतात; त्यामुळे इंग्रजी आवृत्त्यांतील ५१:१ हे हिब्रूत ५१:३ होते आणि सेप्टुआजिंटमध्ये तेच स्तोत्र ५० वे ठरते. मलाखीचा चौथा अध्याय हिब्रूत तिसऱ्याच अध्यायात सामावलेला आहे. काही सॉफ्टवेअर ही जुळणी आपोआप करतात, काही करत नाहीत. तेव्हा तळटीपेत वचनांकाबरोबर कोणत्या पाठाचा, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या साधनातून शोध घेतला, हेही नोंदवावे.