नऊ फुटी पंखांचा पेशंट

दोस्तांनो, पोट दुखायला लागलं की तुम्ही काय करता? (गणिताचा पेपर असला की जे दुखतं ते नव्हे, खरंखुरं दुखणं!) आईला सांगता. आई डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर पोट दाबून विचारतात, "कुठे दुखतंय? काल काय खाल्लं होतंस?" तुम्ही पाणीपुरीचं नाव गाळून बाकी सगळं सांगता. डॉक्टरांना तेवढ्यावरूनही कळतंच म्हणा!

आता प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांचा विचार करा. त्यांच्या पेशंटला बोलता तर येत नाहीच, वर तो आपलं दुखणं लपवतो. रानातली रीतच तशी आहे. कळपातलं जे हरीण लंगडतं, त्याच्यावरच शिकाऱ्याची नजर पडते. म्हणून जनावर शेवटपर्यंत "मला काहीच झालेलं नाही" असा आव आणतं. ते निजून राहिलं, खायचं थांबलं, की समजायचं, दुखणं फार पुढे गेलंय. प्राण्यांना रोज खायला घालणारा रखवालदार हा डॉक्टरांचा डावा-उजवा हात असतो तो यामुळेच. आज वाघाने हाडं तशीच टाकली, माकडाने केळं हातात धरून नुसतं बसून घेतलं, हे आधी त्याच्या लक्षात येतं.

बरं, दुखणं कळलं, तरी वाघाला "आ कर" कोण म्हणणार? त्यासाठी लांबून गुंगीचं औषध टोचावं लागतं. न्यूझीलंडमधले औषधतज्ज्ञ आणि पशुवैद्य कॉलिन मर्डोक यांनी १९५० च्या दशकात अशी बंदूक तयार केली, की जिच्यातून गोळीऐवजी औषधाची सुई सुटते. आज जगभर ती वापरतात. पण या दवाखान्यातल्या सगळ्यात अवघड पेशंटला तीही चालत नाही. तो पेशंट आहे एक पक्षी.

कॅलिफोर्निया काँडॉर हे त्याचं नाव. आपल्या गिधाडासारखाच तोही मेलेली जनावरं खाऊन रान स्वच्छ ठेवतो. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे साडेनऊ फूट! म्हणजे तुमच्या घरातल्या खाटेवर तो पंख पसरून मावायचा नाही. डोकं टक्कल पडलेलं, नारिंगी. रूप काही फार देखणं नाही, पण एकदा का वाऱ्यावर तरंगायला लागला, की तासन्‌तास पंख न हलवता जातो. अमेरिकेच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हे पक्षी हजारो वर्षं राहत होते. आणि १९८२ साली मोजदाद केली, तेव्हा साऱ्या जगात फक्त २२ उरले होते.

बावीस! तुमच्या वर्गात याहून जास्त मुलं असतील.

मग सुरू झालं भांडण. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस इथल्या प्राणिसंग्रहालयांतले लोक आणि सरकारी पक्षितज्ज्ञ म्हणत होते, "पकडून आणू, सांभाळू, पिल्लं वाढवू आणि परत सोडू." दुसरे काही निसर्गप्रेमी चिडून म्हणत, "पिंजऱ्यातला काँडॉर हा काँडॉरच नव्हे. त्याला मानाने मरू द्या." त्यांच्या रागाला कारणही होतं. १९८० साली घरट्यातल्या एका पिल्लाचं वजन-माप घेत असतानाच ते माणसांच्या हातात दगावलं होतं. मला विचाराल, तर दोन्ही बाजूंची माणसं पक्ष्यांवर माया करणारीच होती, म्हणून तर भांडण इतकं कडाक्याचं झालं. १९८४-८५ च्या हिवाळ्यात रानात उरलेल्या पंधरापैकी सहा पक्षी एकाएकी नाहीसे झाले. तेव्हा पकडायचं ठरलं, तर ऑडुबॉन सोसायटी ही पक्षिप्रेमींची नामवंत संस्था सरकारविरुद्ध कोर्टात गेली! अखेर निकाल पकडण्याच्या बाजूने लागला, आणि १९ एप्रिल १९८७ या दिवशी रानातला शेवटचा काँडॉर जाळ्यात आला. त्या संध्याकाळी आभाळात एकही काँडॉर नव्हता. जगातले सगळेच्या सगळे २७ पक्षी प्राणिसंग्रहालयांत होते. तिथे साथ आली असती किंवा डॉक्टरांचा अंदाज चुकला असता, तर खेळ खलास!

हातमोज्यातली आई

काँडॉरची मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि पिल्लू वाढवायला इतका वेळ लागतो, की बहुधा दोन वर्षांतून एकदाच. या हिशेबाने २७ चे शंभर व्हायला किती वर्षं लागली असती, ते तुम्हीच गणित करा. पण तज्ज्ञांना एक गोष्ट ठाऊक होती. अंडं हरवलं, तर मादी महिन्याभराने दुसरं घालते. मग काय, पहिलं अंडं हळूच उचलायचं आणि उबवणी यंत्रात ठेवायचं! पक्षी रानात होते तेव्हाही काही अंडी अशीच डोंगरकपारीतून काढून, उबदार पेटीत घालून, हेलिकॉप्टरने आणली होती. त्यातलं पहिलं पिल्लू १९८३ च्या मार्चमध्ये सॅन डिएगोला बाहेर आलं. १९८८ साली तर प्राणिसंग्रहालयातच जमलेल्या जोडीचं पहिलं पिल्लू जन्मलं.

यंत्रातल्या पिल्लाला भरवायचं कुणी? माणसाने भरवलं, तर ते माणसालाच आई समजणार. मोठं झाल्यावर माणसांमागे फिरणार, आणि बंदूकवाल्याच्या पुढ्यातही जाऊन बसणार. म्हणून मग काँडॉरच्या डोक्यासारखा हुबेहूब बाहुला बनवला. टक्कल, चोच, डोळे, सगळं तसंच! भरवणारा माणूस पडद्याआड लपायचा, बाहुला हातमोज्यासारखा हातात घालायचा आणि त्याच्या चोचीतून घास द्यायचा. तिथे कुणी बोलायचंही नाही. पिल्लाच्या कानावर माणसाचा आवाज पडता कामा नये.

युक्ती छान होती, पण पुरी पडली नाही. १९९२ च्या जानेवारीत पहिले पक्षी सोडले, आणि थोड्याच काळात तक्रारी यायला लागल्या. हे तरुण काँडॉर विजेच्या खांबांवर बसायचे, घरांच्या छपरांवर उतरायचे. काही तारांना धडकून मेले. एक तर मोटारीच्या इंजिनात घालतात ते गोडसर विषारी द्रव पिऊन मेला. बाहुल्याने पोट भरलं होतं, पण मोठ्यांचा धाक? तो बाहुला कसा देणार! मग पिंजऱ्यात खोटे खांब उभारले. त्यावर बसलं की हलकासा झटका बसायचा. पिल्लांसोबत वयस्क काँडॉर ठेवले. त्यांनी चोच मारून, खाण्यावरून हाकलून, लहानांना वळण लावलं. (घरोघरी मातीच्या चुली!) पुढे पुढे तर पिल्लं शक्यतो खऱ्या आईबापांकडेच वाढवू लागले. २०२४ साली लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात एका हंगामात १७ पिल्लं निघाली. इतकी तिथे पूर्वी कधीच निघाली नव्हती.

पोट भरलेलं, तरी उपाशी

आता तुम्ही म्हणाल, झालं की काम! पिल्लं वाढली, सोडून दिली. इथे दवाखान्याची खरी गोष्ट सुरू होते.

शिकारी हरणाला गोळी घालतो, मांस घेऊन जातो आणि आतडी तिथेच टाकून जातो. गोळी शिशाची असेल, तर अंगात शिरताना तिच्या बारीक बारीक ठिकऱ्या उडतात. त्या मांसात पसरतात. काँडॉर येतो, आतड्यांबरोबर त्या ठिकऱ्याही गिळतो. त्याच्या पोटातलं आम्ल फार तेज. सडकं मांस पचवायला ते हवंच, पण तेच शिसंही विरघळवतं, आणि विष रक्तात जातं. मग अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात. गळ्याजवळची अन्नाची पिशवी गच्च भरलेली, पण घास खाली सरकतच नाही. पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो. रानात मेलेल्या काँडॉरपैकी ज्यांच्या मरणाचं कारण कळलं, त्यांत सगळ्यात मोठं कारण शिसं हेच आहे.

म्हणूनच सोडलेल्या काँडॉरच्या पंखांवर मोठ्या आकड्याची पट्टी असते. वर्षातून एकदा-दोनदा त्याला पकडून रक्त तपासतात. शिसं जास्त निघालं, की रवानगी दवाखान्यात. लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात अशा पेशंटांची सोय प्रेक्षकांपासून दूर केलेली आहे. आधी एक्स-रे काढतात. पोटात धातूचा ठिपका दिसला, तर तो बाहेर काढावा लागतो. मग कॅल्शियम इडीटीए नावाच्या औषधाची इंजेक्शनं. हे औषध रक्तातल्या शिशाला घट्ट पकडतं आणि मूत्रपिंडातून बाहेर नेतं. पक्षी खात नसेल, तर नळीने पातळ अन्न. असे दिवसच्या दिवस जातात.

इंजेक्शन देणं म्हणजे कुस्तीच! एकाने पंख आवरायचे, एकाने डोकं आणि चोच पक्की धरायची. ती चोच जनावराचं कातडं फाडणारी, तुमची बोटं म्हणजे तिला वेफर्स. आणि घाबरलेला काँडॉर आपलं शेवटचं शस्त्र काढतो. पोटातलं सगळं सडकं मांस ओकतो, तेही बरेचदा डॉक्टरांच्या अंगावर. ज्या पक्ष्याचा जीव वाचवतोय, त्याच्याकडून फी मिळते ती अशी.

बरा झाला, की पुन्हा त्याच डोंगरांत सोडतात. तिथे पुन्हा शिशाची गोळी लागलेलं जनावर पडलेलं असतं. एकच काँडॉर अनेकदा दवाखान्यात आल्याची उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियात २००८ पासून काँडॉरच्या भागात, आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या राज्यात, शिकारीसाठी शिशाच्या गोळीला बंदी आहे. शेजारच्या अॅरिझोनात बंदी नाही, तिथे शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्या फुकट देऊन मन वळवतात. तरी विषबाधेचे पेशंट येणं थांबलेलं नाही.

आपल्याकडची गोष्ट याच गोष्टीची बहीण म्हणायची, फक्त विष वेगळं. गावाबाहेर ढोर टाकलं, की घिरट्या घालणारी गिधाडं तुमच्या आजोबांनी नक्की पाहिली असतील. विचारून बघा. मुंबईच्या मलबार हिलवर पारशी लोकांच्या दोखम्यातही ती यायची. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक इतकीच उरली. कारण सापडलं ते गुरांच्या दुखण्यावर देतात त्या डायक्लोफेनॅक या औषधात. औषध दिलेली गाय मेली, की तिचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी हे औषध आपल्या सरकारने २००६ साली बंद केलं. हरयाणात पिंजोरला गिधाडं वाढवण्याचं केंद्र आहे. तिथे वाढलेली काही गिधाडं २०२४ साली आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंचच्या रानात आणली. पण गिधाडाच्या रोगावर शिशासारखं हमखास इंजेक्शन नाही. इथे उपचार गिधाडाऐवजी गाईच्या डॉक्टरांनी करायचा असतो, मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना न बाधणारं औषध देऊन.

जाता जाता एका मादीबद्दल सांगायलाच हवं. तिचं नाव नुसतं एसी-८, म्हणजे 'आठवा प्रौढ काँडॉर'. रानातली शेवटची मादी म्हणून १९८६ साली तिला पकडलं. चौदा वर्षं ती प्राणिसंग्रहालयात होती, तिथे कितीतरी पिल्लांची आई झाली. म्हातारपणी, २००० साली, तिला तिच्या जुन्या डोंगरांत सोडलं. तिला वाटा आठवत होत्या! २००२ साली तिला शिशाची जबर विषबाधा झाली. डॉक्टरांनी औषधोपचार करून वाचवलं आणि हिवाळ्यात पुन्हा सोडलं. काही आठवड्यांनीच, २००३ च्या फेब्रुवारीत, एका शिकाऱ्याने तिला झाडावर बसलेली असताना गोळी घातली. त्याला दंड झाला.

आज जगात पाचशेहून जास्त काँडॉर आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळ्या आभाळात. एसी-८ ची नातवंडं-पतवंडंही त्यांत आहेत. पंखावर आकडा, पाठीवर छोटासा ट्रान्समीटर. पुढच्या खेपेला जाळ्यात आली, की पहिलं काम ठरलेलं, पायातून रक्ताचा थेंब काढायचा आणि शिसं किती ते बघायचं.