हरणं वाढली तर करायचं काय?

भिलाईकरांनो, मैत्रीबागेत चितळांच्या कुंपणापाशी हा प्रश्न हमखास निघतो. टेक्सासात उत्तर सोपं आहे. आपलंच चितळ 1930च्या दशकात तिकडे नेलं, ते फोफावलं आणि आता खासगी रँचवर बारा महिने त्याची शिकार चालते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी. कायदा 1972चा, मैत्रीबागही 1972चीच! जमीन तुमची असली तरी तिच्यावरचं हरीण तुमचं नाही.

मादी साधारण साडेसात महिन्यांनी एक पाडस देते, तेही वर्षात कधीही. बिबट्या, रानकुत्र्यांचा धाक नसला की कळप भराभर वाढतो. मग नर-माद्या वेगळ्या ठेवा, नसबंदी करा, नाहीतर दुसऱ्या जंगलात पाठवा.

पाठवणीत खरी गंमत ‘बोमा’ची. आफ्रिकेतली युक्ती. नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं, कापडाने झाकलेलं कुंपण. कळप हाकत हाकत थेट ट्रकमध्ये. बेशुद्धीचं इंजेक्शन नाही, धरपकड नाही, कारण चितळ धसक्यानेही मरतं. मध्य प्रदेशने पेंचच्या जंगलातली चितळं अशीच कुनोच्या जंगलात नेली. तिथल्या चित्त्यांचं खाद्य म्हणून बरं का, तेव्हा पाठवणी म्हणजे सुटका समजू नका!

आणि हो, मैत्रीबागेत गेलात तर कुंपणातून कुरकुरे टाकू नका. रवंथ करणाऱ्या पोटाला ते झेपत नाहीत.