शेवंती रात्र मोजते

बाल्कनीतली शेवंती हिरवीगार आहे, खतपाणी वेळेवर आहे, तरी डिसेंबर उजाडला आणि कळीचा पत्ता नाही? रात्री तिथला दिवा चालू असतो का, ते आधी बघा. शेवंतीला फुलायला लांब आणि सलग अंधार लागतो. तो मिळाला की पानांतलं एक जनुक जागं होतं. त्यापासून बनलेलं ‘फ्लोरिजेन’ हे प्रथिन शेंड्यापर्यंत पोहोचतं आणि तिथं पानांऐवजी कळ्या धरू लागतात. मध्येच उजेड पडला, तर दुसरं जनुक उलटा निरोप धाडतं : थांब! हा निरोप जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखला. बिचारं झाड, अजून मोठे दिवसच चालू आहेत असं समजून बसतं. दिवा बंद करता येत नसेल, तर कुंडी संध्याकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, सकाळी उन्हात आणा. कळ्या दिसेपर्यंत रोज हं, एकही रात्र न चुकवता.