जमिनीखालची इमारत – भाग ९ : पाईल पोटात काय लपवतो?

मागच्या भागात आपण पाईल ओतून पूर्ण केला. बेंटोनाइट मातीच्या द्रवाने भरलेल्या विवरात सळ्यांचा पिंजरा सोडला, काँक्रीट ओतायचा ट्रेमी पाईप तळापर्यंत नेला, काँक्रीट खालून वर चढत आलं आणि विवराला आधार देणारी नळी, म्हणजे केसिंग, उपसून घेतलं. आता जमिनीच्या वर दिसतात त्या फक्त सळ्या. एक मीटर व्यासाचा आणि वीस मीटर लांबीचा, जवळपास चाळीस टन वजनाचा खांब मातीत गेला आहे आणि तो यापुढे कुणाच्याही दृष्टीस पडणार नाही. त्यावर इमारतीचा भार पाईलवर देणारा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे पाईल कॅप, बसण्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे: नकाशात जो खांब काढला होता, तोच खाली उभा आहे का?

शंका घ्यायला कारणं पुष्कळ असतात. ट्रेमी उचलताना तिचं टोक काँक्रीटच्या पृष्ठभागाबाहेर निघालं, तर मध्येच बेंटोनाइट आणि मातीचा थर अडकतो. वाहतुकीत मिक्सर अडकला आणि दोन खेपांमध्ये फार वेळ गेला, की खालचं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं. मऊ चिखलमाती केसिंग निघताच आत सरकते आणि पाईलला मान पडते, म्हणजे तेवढ्या भागात तो बारीक होतो. जमिनीतलं पाणी वाहतं असेल तर ते सिमेंट धुऊन नेतं आणि मागे नुसती खडी उरते. तळाची सफाई अर्धवट झाली असेल, तर खडक आणि काँक्रीट यांच्यामध्ये गाळाची गादी राहते. यातलं काहीही वरून दिसत नाही.

हे दुर्लक्षित राहिलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण हाँगकाँगचं आहे. १९९९ साली शा टिन भागात, यूएन चाउ कोक इथल्या सरकारी गृहयोजनेतल्या दोन उंच इमारती असमान खचत असल्याचं लक्षात आलं. दोन्ही तीस मजल्यांहून उंच होत्या. तपासात कळलं की काही पाईल आराखड्यापेक्षा १५ मीटरपर्यंत आखूड होते. कागदोपत्री मात्र काम स्वीकारलं गेलं होतं. दोन्ही इमारती पाडाव्या लागल्या. प्रकरण इतकं तापलं की जून २००० मध्ये गृहनिर्माण प्राधिकरणाच्या अध्यक्ष रोझॅना वाँग यांना पद सोडावं लागलं. मला या घटनेत सर्वांत गंभीर वाटतं ते हे, की दोष कळला तो तपासणीतून नव्हे, इमारत खचायला लागली तेव्हा.

पाईलवर भार ठेवून चाचणी करता येते, पण ती महाग आणि वेळखाऊ असते. आपल्या भारतीय मानकानुसार नेहमीची भारचाचणी एकूण पाईलपैकी किमान अर्ध्या टक्क्यावर करायची असते. म्हणजे चारशे पाईलच्या इमारतीत दोन. उरलेल्या ३९८ पाईलची तब्येत कळावी म्हणून विनाविध्वंस चाचण्या आल्या. त्यांच्यासाठी वेगळं मानकही आहे, आय. एस. १४८९३, सन २००१ चं.

यातली सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी हातोड्याची. पाईलचं डोकं चिपिंग करून पक्क्या काँक्रीटपर्यंत आणतात आणि सपाट घासतात. त्यावर मेणाने किंवा ग्रीसने एक छोटा संवेदक चिकटवतात आणि शेजारी प्लॅस्टिकच्या टोकाच्या, हातात मावणाऱ्या हातोड्याने टोला देतात. टोल्याचा दाब लहर बनून खाली जातो, तळावर आपटून परत येतो आणि संवेदक ती परतभेट टिपतो. चांगल्या काँक्रीटमध्ये ही लहर सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने धावते. वीस मीटर खाली आणि वीस मीटर वर असा चाळीस मीटरचा प्रवास ती सेकंदाच्या शंभराव्या भागात, म्हणजे दहा मिलिसेकंदांत, आटोपते. आलेख दहाऐवजी पाच मिलिसेकंदांवरच उसळला, तर दहा मीटर खोलीवर काहीतरी आहे असं समजायचं.

काय आहे, हे उसळीची दिशा सांगते. रेल्वे यार्डात इंजिनाने डब्यांच्या रांगेला धक्का दिला, की तो एका डब्यातून दुसऱ्यात असा शेवटपर्यंत जातो. शेवटच्या डब्यापुढे मोकळा रूळ असेल, तर तो डबा पुढे उसळतो आणि आपल्यामागच्या डब्यांना ओढतो. परत येते ती ओढ. तिथे भक्कम अडसर असेल, तर परत येतो तो धक्का. पाईलमध्ये नेमकं हेच घडतं. मान पडली असेल, काँक्रीट भुसभुशीत असेल किंवा पाईल तिथेच संपला असेल, तर आलेख मूळ टोल्याच्याच दिशेला उसळतो. पाईल फुगला असेल किंवा टणक थर लागला असेल, तर तो उलट दिशेला जातो.

इथे मुंबईच्या जमिनीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नीट न समजल्यामुळे चुकीचे अहवाल स्वीकारले जातात. पाठ्यपुस्तकातला पाईल मातीत संपतो, म्हणून तळाची ठळक, टोल्याच्या दिशेची उसळी ही चांगली खूण मानली जाते: लांबी पूर्ण, मध्ये काही अडथळा नाही. मुंबईत अनेक ठिकाणी वर भराव, मग खाडीची काळी चिखलमाती, मग मुरूम आणि त्याखाली ब्रेशिया किंवा काळा पाषाण लागतो. पाईल त्या खडकात काही अंतर रुतवलेला असतो. काँक्रीट आणि खडक यांची घट्ट गाठ पडली असेल, तर तळाचा प्रतिध्वनी एक तर फिका येतो किंवा उलट दिशेला येतो. ताजा काळा पाषाण काँक्रीटपेक्षाही टणक असतो. लहरीच्या दृष्टीने तो अडसरच. मग अशा पाईलमध्ये तळाशी टोल्याच्या दिशेची स्पष्ट उसळी दिसली, तर ती आनंदाची बातमी नाही. खडकाच्या माथ्यावर गाळ राहिला आहे आणि पाईल मऊ गादीवर टेकला आहे, अशी दाट शंका त्यातून घ्यायला हवी. अहवालात मात्र त्याच आलेखाखाली ‘तळ स्पष्ट, पाईल समाधानकारक’ असं लिहिलेलं असू शकतं. मातीचा छेद शेजारी ठेवल्याशिवाय हा आलेख वाचणं धोक्याचं आहे.

हातोड्याच्या मर्यादा दुसऱ्याही आहेत. पाईलची लांबी व्यासाच्या साधारण तीसपटीहून जास्त झाली, तर प्रतिध्वनी वाटेतच मातीत विरतो. टणक मातीत त्याही आधी. म्हणून यंत्रात खोलीगणिक आवाज वाढवत नेण्याची सोय असते. ही वाढ किती ठेवायची ते तपासणारा ठरवतो आणि ती जास्त झाली की नुसत्या गोंगाटाचाही ‘तळ’ दिसायला लागतो. पहिल्या मोठ्या दोषाखाली काय आहे ते सहसा कळत नाही. लहान पोकळ्या, पिंजऱ्याबाहेरचं गेलेलं काँक्रीट हे त्याच्या पकडीत येत नाही. लांबीचंही तसंच. लहरीचा वेग आपण गृहीत धरलेला असतो. तो ३,६०० होता की ४,४००, यावर वीस मीटरचा पाईल अठराचा किंवा बावीसचा ठरतो. दीड-दोन मीटरने आखूड असलेला पाईल केवळ हातोड्याच्या भरवशावर पकडल्याचा दावा कुणी करू नये. आणि पाईल किती भार पेलेल, हे तर ही चाचणी मुळीच सांगत नाही.

तरीही मी म्हणेन, प्रत्येक पाईलवर ती करा. एका दिवसात कित्येक पाईल तपासून होतात आणि चारशेंपैकी जे पंधरा-वीस बाकीच्यांहून वेगळे बोलतात, ते उघडे पडतात. एकेका आलेखापेक्षा सगळ्या आलेखांची आपसातली तुलना जास्त सांगते.

पुलांचे आणि उंच इमारतींचे मोठ्या व्यासाचे पाईल असतील, तर दुसरी पद्धत हवी. पिंजरा बांधतानाच त्याच्या आतल्या बाजूला पोलादी नळ्या उभ्या बांधायच्या, दर तीस सेंटिमीटर व्यासामागे साधारण एक. १.२ मीटरच्या पाईलला चार. नंतर त्यांत पाणी भरून एका नळीत ध्वनी पाठवणारा आणि दुसरीत ऐकणारा शोधक तळापर्यंत सोडतात आणि दोन्ही सारख्या गतीने वर खेचत आणतात. दर काही सेंटिमीटरला मोजणी होते: ध्वनी किती वेळात पोचला आणि किती जोर घेऊन पोचला. मध्ये माती किंवा भुसभुशीत काँक्रीट आलं, की पोचायला उशीर होतो आणि जोर घटतो. चार नळ्यांच्या सहा जोड्या तपासल्या, की दोष कोणत्या खोलीवर आणि कोणत्या बाजूला आहे हे बऱ्यापैकी नेमकं कळतं. पाईल कितीही खोल असला तरी अचूकता घटत नाही, हे हिचं मोठं बळ.

मोठी उणीव ही की नळ्यांच्या बाहेर तिला काही दिसत नाही. पिंजऱ्याबाहेर ७५ मिलिमीटरचं आवरण धरलं, तरी १.२ मीटरच्या पाईलमध्ये तेवढ्याचंच सुमारे २३ टक्के क्षेत्रफळ होतं आणि सळ्यांना गंजण्यापासून वाचवतो तो हाच भाग. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर त्याची काळजी सर्वांत जास्त. शिवाय नळ्या काँक्रीटच्या आधी बसवाव्या लागतात. शंका नंतर आली, तर उपाय हातचा गेलेला असतो. नळ्यांची तोंडं झाकली नाहीत आणि आत खडी पडली, किंवा पाणी वेळेवर भरलं नाही आणि नळी काँक्रीटपासून सुटली, तर चांगला पाईलही वाईट दिसतो.

आवरणाचा प्रश्न सोडवते ती उष्णतेची पद्धत. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की उष्णता निर्माण होते. पिंजऱ्यावर खोलीगणिक तापमान मोजणाऱ्या तारा बांधल्या, तर ओतल्यानंतर एक-दोन दिवसांतच चित्र मिळतं. जिथे काँक्रीट कमी तिथे थंड, जिथे फुगवटा तिथे गरम. पिंजरा एका बाजूला सरकला असेल, तर समोरासमोरच्या तारांच्या तापमानातला फरक तेही सांगतो. अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठात ग्रे मलिन्स यांनी या पद्धतीवर पायाभूत काम केलं.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, पाईलमधून लहर जाते हा विचार ऑस्ट्रेलियाच्या आयझॅक्स यांनी १९३१ मध्ये मांडला. १९६० मध्ये स्मिथ यांनी ते गणित संगणकावर सोडवण्याची रीत दिली. १९६४ पासून क्लीव्हलंडमध्ये जॉर्ज गोबल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मोजमापावर काम केलं, तर फ्रान्समध्ये पाके यांनी १९६८ च्या सुमारास पाईलच्या कंपनांवरून त्याची अवस्था ओळखण्याची पद्धत आणली.

माझा आग्रह मात्र यंत्रापेक्षा साध्या वहीचा आहे. प्रत्येक पाईलची ओतकामाची नोंद: किती काँक्रीट गेलं आणि ते किती वर चढलं. एक मीटर व्यासाच्या विवरात १२ घनमीटर, म्हणजे सहा घनमीटरचे दोन मिक्सर, ओतले की काँक्रीट सव्वापंधरा मीटर चढायला हवं. ते सतरा मीटर चढलं, तर विवर कुठेतरी आक्रसलं आहे. बारा मीटरच चढलं, तर कुठेतरी फुगलं आहे किंवा काँक्रीट पोकळीत गेलं आहे. दोरीला वजन बांधून प्रत्येक खेपेनंतर घेतलेलं हे माप पुढे आलेखात दिसणाऱ्या दोषाची खोली आधीच सुचवतं. नोंद आणि आलेख एकाच खोलीवर बोट ठेवत असतील, तर वाद उरत नाही. पण बऱ्याच साईटवर ही वही नंतर, एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. सगळ्या पाईलमध्ये काँक्रीट तंतोतंत सारखं गेलेलं दिसलं, की समजावं इथे मापच घेतलेलं नाही. तपासणाऱ्यालाही ही वही बहुतेक वेळा दाखवत नाहीत. त्याला पाईलचा क्रमांक, व्यास आणि लांबी एवढंच मिळतं.

दुसरा आग्रह पैशाचा. चाचणीचं बिल पायलिंगच्या ठेकेदाराने भरू नये. ते मालकाने किंवा सल्लागाराने थेट द्यावं. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या सभासदांनी हा एक मुद्दा करारात घालून घ्यावा आणि आलेख मूळ स्वरूपात मागावेत. ‘समाधानकारक’ एवढ्या शेऱ्यावर विश्वास ठेवून सही करू नये.

एखादा पाईल संशयित निघाला, म्हणून तो लगेच बाद होत नाही. आधी पुन्हा चाचणी, डोकं आणखी खाली चिपिंग करून. वरचं कच्चं काँक्रीट राहिल्याने आलेख बिघडणं अगदी नेहमीचं आहे. दोष वरच्या दोन-तीन मीटरमध्ये असेल, तर खणून उघड्या डोळ्यांनी पाहता येतो आणि तेवढा भाग तोडून नव्याने ओतता येतो. खोल असेल, तर मधून गाभा कापून नमुना वर काढायचा. गाळ किंवा पोकळी सापडली, तर त्याच भोकातून पाण्याच्या झोताने ती धुऊन दाबाखाली सिमेंटचा रस भरतात आणि पुन्हा तपासतात. तेवढ्याने भागलं नाही, तर शेजारी जादा पाईल टाकून कॅपचं गणित नव्याने मांडावं लागतं. हे सगळं कॅप ओतण्याआधी शक्य आहे. नंतर प्रत्येक उपाय कित्येक पटींनी अवघड होतो. म्हणून वेळापत्रकात चाचणी, अहवाल आणि दुरुस्ती यांच्यासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवलेले असावेत. पायलिंग संपलं की दुसऱ्याच दिवशी कॅपचं खोदकाम सुरू, अशी आखणी करणारा प्रकल्प दोष शोधायला तयारच नसतो.

पुढच्या आठवड्यात भारचाचणी: पाईलच्या डोक्यावर शेकडो टन कसे ठेवतात आणि खचण्याचे मिलिमीटर कसे मोजतात.